नाव राजाची, काठ परिटाचा

ऱ्होन नदीवरून जहाजाने फिरून आलेल्या शेजाऱ्यांनी तुम्हाला फोटो दाखवले आहेत. ल्यों, अविन्यों, उतारावरचे द्राक्षमळे, डेकवर मांडलेली जेवणं. सगळं देखणं. पण भरपूर पैसे घेऊन ती नदी तुम्हाला एका गावाहून पुढच्या गावालाच नेते. भीमा एका शतकातून दुसऱ्या शतकात नेते, आणि तेही क्रम न पाळता. तेव्हा सोलापूर-वाडी मार्गावर गाणगापूर रोडला उतरा, जीप करून देवल गाणगापूर गाठा आणि तिथून संगमावर या. भीमा-अमरजेच्या पाण्यात शिरून तीन बुड्या मारा. तिसऱ्या बुडीनंतर डोकं वर काढाल तेव्हा काठावरची नारळ-कापराची दुकानं नसतील, लाउडस्पीकर नसेल, तीर्थ भरून न्यायच्या प्लास्टिकच्या बाटल्याही नसतील. अश्वत्थ असेल. थंडी असेल. साल १४५७-५८ च्या आसपासचं.

"बर्री, कूड्री," नावाडी म्हणतो. मग तुमच्या चेहऱ्याकडे बघून मराठीवर येतो. "मधोमध बसा. कडेला बसलात की गिरक्या घेत राहील ती."

ती म्हणजे हरिगोल. बांबूच्या कामट्यांची गोल बुट्टी, बाहेरून बैलाच्या कातड्याने मढवलेली. वल्हं एकच. विजयनगरला आलेल्या डोमिंगो पाईसने असल्या गोल होड्या पाहून लिहून ठेवल्या आणि पुढे टॅव्हर्निए या फ्रेंच रत्नव्यापाऱ्यानेही त्यांची नोंद केली. नावाडी अंबिगर आहे, आणि त्याला त्याचा अभिमान आहे. बाराव्या शतकात बसवण्णांच्या कल्याणात वचनं रचणाऱ्या शरणांमध्ये अंबिगर चौडय्या होता, हे तो तुम्हाला पहिल्याच वळणावर ऐकवतो. पंढरपूरला जी चंद्रभागा होऊन देवळापुढून वळते तीच ही नदी, हे तुम्ही त्याला ऐकवता. त्याला ते ठाऊक असतं.

शिदोरी उघडा. भाकरी आहे, जाड आणि गरम. कडक हवी असेल तर उन्हात ठेवा. चटणी शेंगदाण्याची नाही, कारळाची, आणि तिच्यात लाल तिखटाचा कण नाही. शोधू नका. मिरची, शेंगदाणा, टोमॅटो, बटाटा ही सगळी मंडळी अजून समुद्रापलीकडे आहेत. पोर्तुगीज किनाऱ्याला लागायला अजून चाळीसेक वर्षं आहेत. तिखट लागतं ते मिऱ्याचं. अंबाडीची भाजी मात्र थेट आजच्यासारखी आंबट आहे. सोलापूर-कलबुर्गीच्या माणसाला मिरचीशिवाय चाललेलं हे जेवण म्हणजे इतिहासाचा सगळ्यात अवघड धडा, असं माझं मत आहे.

डाव्या काठावर एक कुळवाडी कोवळा जोंधळा कापतो आहे. कणसात दाणा भरलेला नाही, तरी कापतो आहे. बायको-मुलं आडवी पडून रडताहेत. हा गुरुचरित्रातला पर्वतेश्वर. नृसिंह सरस्वती स्वामी म्हणाले, मी परत यायच्या आत शेत कापून टाक. शेतमालकाला आधी ठरलेलं धान्य कबूल करून त्याने विळा चालवला. पुढे अवेळी पाऊस आला, आजूबाजूची पिकं गेली आणि याच्या ठोंबांना शतपट कणसं आली, असं पोथी सांगते. पण तुम्ही आत्ता जिथे आहात तिथे पाऊस आलेला नाही. आत्ता नुसता विळ्याचा आवाज आहे आणि बायकोचा आक्रोश आहे. पोथी वाचताना हा मधला वेळ आपण दोन ओव्यांत ओलांडतो. होडीतून तो ओलांडता येत नाही, ती संथ चालते.

तेवढ्यात धूळ उठते. घोडे, हत्ती, मेणे, नकीब. बीदरचा सुलतान संगमाकडे येतो आहे. त्याच्या मांडीवर फोड झाला आहे, हकिमांचे उपाय हरले आहेत. स्वामींसमोर तो उभा राहतो आणि स्वामी त्याला, दख्खनच्या धन्याला, सरळ परीट म्हणून हाक मारतात: इतके दिवस कुठे होतास? दरबारी मंडळी जिथल्या तिथे थिजतात. सुलतानाचा चेहरा बघा. अपमान झालेल्या माणसाचा नाही तो. काहीतरी आठवू लागलेल्या माणसाचा आहे.

"परीट का?" तुम्ही विचारता.

"त्याचं मूळ खाली आहे," नावाडी म्हणतो. "कृष्णेत. पोचू."

हा सुलतान म्हणजे दुसरा अलाउद्दीन अहमद असावा, असं काही अभ्यासकांना वाटतं. राज्य १४३६ ते १४५८. त्याने बीदरला मोठा दवाखाना बांधला, औषधपाण्यासाठी गावं लावून दिली, हिंदू आणि मुसलमान असे दोन्ही वैद्य नेमले. आणि तो मेला पायाच्या चिघळलेल्या जखमेने. स्वामींनी गाणगापूर सोडलं तेही परंपरेनुसार याच सुमाराला, शके १३८० मध्ये. पोथीतला सुलतान बरा होतो, तवारिखेतला मरतो. पाय मात्र एकाच माणसाचा असावा असं मला वाटतं. नगरात दवाखाना उभा करूनही ज्याचा स्वतःचा पाय बरा होईना, तो नदीकाठच्या संन्याशाकडे गेला, यात अविश्वसनीय काय आहे?

जहाजाच्या सहलीत मधूनच काठावर उतरवून गाव दाखवतात. इथेही तशी सोय आहे. सुलतानाच्या लवाजम्यामागे चालू लागा. स्वामी अदृश्य होऊन पुढे जातात आणि थेट बीदरजवळच्या पापविनाशी तीर्थावर भेटतात. तुम्हाला ती सवलत नाही, तुम्ही आळंदवरून चालत जा. वाटेत सालाचा आकडा थोडा पुढे सरकू द्या, १४७० च्या पुढेमागे. आळंदला जत्रा भरली आहे. शेख अलाउद्दीनच्या, म्हणजे लाडले मशायखांच्या दर्ग्याची. घोड्यांची इतकी गर्दी की पाय ठेवायला जागा नाही. गर्दीत एक लालबुंद चेहऱ्याचा, दाढीवाला माणूस सगळ्या गोष्टींच्या किमती विचारतो आहे. अफनासी निकितीन, रशियातल्या त्वेरचा व्यापारी. चौलला उतरला, जुन्नरला त्याचा घोडा असदखानाने काढून घेतला, खटपटीने परत मिळाला. आळंदला विकायला वीस हजार घोडे येतात, असं तो लिहून ठेवणार आहे. इथल्या लोकांनी त्याला एका पक्ष्याबद्दलही सांगितलं आहे. रात्री कुक कुक ओरडतो, ज्याच्या घरावर बसेल त्या घरात माणूस मरतो, मारायला जावं तर चोचीतून आग टाकतो. बाजारात परदेशी माणूस दिसला की आपण त्याला काय काय सांगतो, याची ही जुनी साक्ष.

निकितीनच्या मागोमाग बीदरला पोचा. त्याच्या वहीत सगळं आहे. राजवाड्याला सात दरवाजे आहेत. दरवाजात पहारेकरी आहेत आणि कारकून आहेत, येणाऱ्या-जाणाऱ्याचं नाव लिहून घेतात. परक्याला आत सोडत नाहीत. घोड्यांना हरभरे आणि साखर-तेल घातलेली खिचडी खायला घालतात. सरदार रुप्याच्या पलंगांवरून मिरवतात. आणि खेड्यांतली माणसं फार गरीब आहेत, हे वाक्यही तो लिहितो. तुमच्या पायात वहाण नाही, हे एव्हाना तुमच्या लक्षात आलं असेल. दाराशी तुमचंही नाव लिहून घेतात. आत काही सोडत नाहीत.

हरकत नाही. बीदरची खरी नदी जमिनीखाली आहे, तिला परवाना लागत नाही. नौबादला या. जांभा दगड खोदून इराणी पद्धतीची करेझ केली आहे. जमिनीच्या पोटातून तीनेक किलोमीटर वाहत जाणारं पाणी, वरती उजेडासाठी ठरावीक अंतरावर विहिरीसारखे झरोके. लोक तिला सुरंग बावी म्हणतात. आत वाका. पाणी पोटरीपर्यंत, गार. डोक्यावर अख्खं गाव चालतं आहे आणि इथे फक्त थेंबांचा आवाज. मैलोगणती मुलूख जिंकणाऱ्या राज्याला आपल्या टेकडीवर पाणी चढवता येत नव्हतं, म्हणून त्यांनी ते असं मुंगीच्या चालीने आणलं. वजीर महमूद गावान, त्याचा १४७२ चा मदरसा, त्याच्या निळ्या फरशा, हे सगळं बघाच, पण त्या मदरशातल्या विद्यार्थ्यांना प्यायला पाणी लागत होतं हेही लक्षात असू द्या.

१६६७ साली इथून एक फ्रेंच माणूसही जातो, झां द तेव्हनो. गोवळकोंड्याहून परतताना. औरंगजेबाच्या ताब्यात शहर आहे, तीन हजारांची शिबंदी आहे, तटावर प्रचंड तोफा आहेत, एवढं टिपून घेतो आणि पुढे निघतो. त्याच वर्षी इराणात वाटेतच मरतो. त्याला थांबवून गप्पा मारायला वेळ नाही. संगमावर होडी थांबली आहे.

आता पाण्याच्या ओघाने खाली, आणि काळात मागे. गुलबर्ग्याच्या दक्षिणेला भीमेच्या काठावर तट दिसू लागतो. तीन बाजूंनी भिंत, चौथ्या बाजूला नदी हीच भिंत. फिरोजाबाद. साल १४०० च्या जरा पुढचं. ताजुद्दीन फिरोजशहा बहमनीने गुलबर्ग्याची दगदग टाळायला हे नगर वसवलं. नदीचं पाणी कालव्याने महालात खेळवलं. जामा मशीद, घुमटांचे हमामखाने, रुंद रस्ते, दुकानं. आज तिथे गेलात तर तटाच्या आत शेतं आहेत आणि घुमटांखाली सावलीला गुरं. जॉर्ज मिशेल आणि रिचर्ड ईटन यांनी १९९२ मध्ये या ओसाड नगरावर पुस्तक लिहिलं. आत्ता मात्र चुन्याचा वास ताजा आहे.

घाटाला लागताच कुणीतरी तुमच्या खांद्यावर बुधला ठेवतो. तुम्ही प्रवासी की हमाल, हे इथे कुणालाच विचारावंसं वाटलेलं नाही. फिरोजशहा दरवर्षी गोवा आणि चौल बंदरांतून जहाजं पाठवतो. देशोदेशीचा माल आणा आणि गुणी माणसं आणा, असा हुकूम. बुधल्यात काय आहे ते सांगत नाहीत. वासावरून कळतं. द्राक्षं फार दूरची आहेत.

याच शतकाच्या अलीकडे-पलीकडे तिकडे ऱ्होनच्या काठी काय चाललं आहे? १३०९ ते १३७७ पोप अविन्योंला राहत होते आणि तिथल्या द्राक्षमळ्यांना त्यांनी बरकत आणली. इकडे १३४७ मध्ये बहमनी राज्य उभं राहिलं आणि गुलबर्गा राजधानी झालं. शिराजहून कवी हाफिजला इथे बोलावणं गेलं होतं, फिरोजच्या आधीच्या एका सुलतानाच्या वेळी. मीर फजलुल्ला इंजूने वाटखर्ची पाठवली. हाफिज हुर्मुझला पोचला, जहाजात चढला, वादळ झालं, उतरून घरी गेला आणि एक गझल पाठवून दिली. जहाजाच्या सहलीची नीट चौकशी करून मग न जाणारा असा शहाणा प्रवासी दुसरा झाला नाही. ज्याने बोलावणं धाडलं तो मीर फजलुल्ला मात्र फिरोजशहाचा मोठा वजीर झाला.

बुधला घेऊन आतल्या चौकापर्यंत जाता येतं. तवारीखकार फिरिश्ता सांगतो त्यावर विश्वास ठेवायचा तर पलीकडच्या महालांत अरब, तुर्क, रशियन, चिनी, अफगाण, राजपूत, बंगाली, गुजराती, तेलंगी स्त्रिया आहेत, मराठीही आहेत. प्रत्येकीच्या महालात तिच्याच मुलखाच्या दासी, आणि सुलतान प्रत्येकीशी तिच्या भाषेत बोलतो. फिरिश्ता भारावून लिहितो. वाचणारे पुरुषही दोनशे-चारशे वर्षं भारावून वाचत आले. तुम्ही चौकात बुधला उतरवत असता तेव्हा भिंतीपलीकडून मराठी ऐकू येते. एक बाई दुसरीला सांगते आहे की इथलं पाणी भाताला चांगलं, डाळीला नाही. बस्स, एवढंच. ती कुठली, तिला इथे कुणी आणलं, सुलतान तिच्याशी तिच्या भाषेत काय बोलला, यातलं काहीही कुणी लिहिलेलं नाही.

आणि तरीही फिरोजशहा साधा विलासी माणूस नव्हता, हे मान्य करावंच लागतं. हाताने कुराणाच्या प्रती लिही, विद्यार्थ्यांना भूमिती आणि तर्क शिकव, दौलताबादजवळ वेधशाळा बांधायला घे. ती १४०७ ला सुरू झाली आणि तिचं काम बघणारा हकीम हसन गिलानी वारल्यावर तशीच राहिली. दोन गोष्टींत तो धर्माबाहेर जातो, हे तो स्वतःच म्हणे: गाणं आणि मदिरा. समर्थनही तयार होतं, गाण्याने चित्त ईश्वराकडे लागतं आणि पिऊन माझी शुद्ध जात नाही. १४२२ मध्ये भाऊ अहमदने गादी घेतली, राजधानी बीदरला नेली आणि हे नगर गुरांना मोकळं झालं.

तटाबाहेर हमालांना कुणी द्राक्षाची देत नाही. नदीकाठाला शिंदीची झाडं आहेत, त्यांना मडकी बांधली आहेत. सकाळी उतरवलेली शिंदी गोड, दुपारची चढणारी. द्रोण पुढे करा. निकितीनने नारळाच्या आणि झाडाच्या सालीच्या दारूबद्दल लिहिलं आहे, म्हणजे सामान्य माणसाच्या पेल्यातही तो डोकावला. पुढे पाचशे वर्षांनी निजामाच्या सरकारची तिजोरी याच शिंदी-मोहाच्या आबकारीवर भरणार आहे. या मुलखाचा द्राक्षमळा म्हणाल तर हा, काटेरी पानांचा.

फिरोजाबादच्या खाली नदी रुंदावते. एका क्षणी वर्तमानात या, फक्त बघण्यापुरतं. उन्हाळा असेल तर पात्रात दगड आणि वाळूचे खड्डे, होडी खांद्यावर घ्यावी लागेल. ऑक्टोबर २०२० असेल तर अफझलपूर-जेवर्गीची गावंच्या गावं पाण्यात आणि होडी कुठेही जाईल, शाळेच्या पटांगणातसुद्धा. उजनी धरणातून किती सोडलं यावर इथली नदी ठरते. चला, मागे फिरू.

सन्नती. खूप मागे, दुसरं शतक, सातवाहनांचा अंमल. पैठणचे राजे इथवर आपलेच मानले जातात. काठावर महाचैत्याचं काम चालू आहे, कनगनहळ्ळीला. पाथरवट एका शिळेवर राजा कोरतो आहे, राणीसह, दासींसह, आणि खाली ब्राह्मीत नाव घालतो आहे: राजा अशोक. अशोकाला जाऊन चारशे वर्षं उलटली आहेत, तेव्हा तो दिसायचा कसा हे या पाथरवटालाही ठाऊक नाही. हातोडी ऐका आणि दगडाचा तुकडा उचलून बघा. ओळखीचा वाटेल. याच खोऱ्यातला हा चुनखडक शहाबादी फरशी होऊन तुमच्या आजीच्या स्वयंपाकघरात बसणार आहे. आजीच्या कुळाचा धागाही इथेच असू शकतो: सन्नतीची चंद्रलांबा, चंद्रला परमेश्वरी, कितीतरी देशस्थ घराण्यांची कुलदेवता आहे. १९८६ मध्ये तिच्या आवारातल्या काळीच्या देवळाचं छत कोसळलं आणि मूर्तीखालची शिळा अशोकाच्या आज्ञालेखाची निघाली. शतकानुशतकं लोक हळदकुंकू वाहत होते ते सम्राटाच्या हुकुमावर.

इथेही द्राक्षाची येते बरं का. इटलीची. भडोच बंदरातून मदिरा येते, असं पेरिप्लस हा जुना ग्रीक ग्रंथ सांगतो, तेर आणि पैठणचा माल गाड्यांवरून तिकडे जातो, आणि नेवाशाच्या उत्खननात भूमध्य समुद्राकडच्या कुंभांच्या खापऱ्या सापडल्या आहेत. पाथरवटांपर्यंत ती पोचत नाही. हे सांगायचीही गरज उरलेली नाही एव्हाना.

मग भीमा संपते, कृष्णेला मिळते. पाण्याचा रंग बदलतो, होडी जोरात फिरते. रायचूरकडच्या कुरवपूरच्या बेटाला लागा. चौदावं शतक, वैशाख महिना, नदीत पाणी भरपूर. एक म्हातारा परीट धुणं धुतो आहे. तो रोज त्रिकाळ येऊन श्रीपाद श्रीवल्लभांना, म्हणजे आधीच्या अवतारातल्या नृसिंह सरस्वतींना, दंडवत घालतो. त्याच्या शेजारच्या दगडावर बसा, तुमचे कपडे एव्हाना धुवायला झालेच आहेत.

वरच्या अंगाने वाद्यं ऐकू येतात. आणि मग ती येते, तुम्ही ज्या सहलीला निघाला होतात ती. सजवलेली नाव. मध्ये राजा, भोवती दागिन्यांनी लवलेल्या स्त्रिया, दोन्ही थडींवर हत्ती, घोडे, सैन्य नावेच्या चालीने चालतं आहे. कोणता राजा, पोथी नाव सांगत नाही. परिटाच्या हातातलं ओलं लुगडं तसंच राहतं. त्याच्या मनात येतं: काय हे ऐश्वर्य, जन्माला येऊन हे पाहिलं नाही तर कसलं जिणं. मागे श्रीपाद उभे आहेत. ते विचारतात, हवं आहे का? याच जन्मी की पुढच्या? परीट हिशोबी आहे. या जन्मी आता म्हातारा झालो, म्हणतो, राज्य भोगायचं तर तरुणपणी भोगावं. फक्त तिथे तुमची भेट व्हावी. तर तो पुढच्या जन्मी बीदरला सुलतान होणार, सगळं भोगणार, मांडीवर फोड घेऊन संगमावर येणार आणि एका हाकेत हा दगड, हे लुगडं, हा वैशाख त्याला आठवणार. वर गाणगापूरला तुम्ही ज्याचा चेहरा पाहिलात तो हाच.

इथून पुढेही नदी जाते. श्रीशैलाला पातालगंगेत नृसिंह सरस्वती फुलांच्या आसनावर बसून प्रवाहाला लागले, आणि मागे राहिलेल्या शिष्यांपाशी चार फुलं वाहत आली. निकितीनही बीदरच्या मित्रांबरोबर शिवरात्रीला श्रीशैलाला जाऊन आला, आणि जत्रेत दरडोई कर किती घेतात हेही त्याने लिहून ठेवलं. कृष्णेच्या एकाच घाटावर इतकी वेगवेगळी मालवाहतूक होते.

नाव दिसेनाशी होते. परीट लुगड्याचं एक टोक तुमच्या हातात देतो, दुसरं स्वतः धरतो आणि पिळतो. तुम्हाला काय मागावंसं वाटलं होतं हे तो विचारत नाही.

"चला," नावाडी येऊन म्हणतो. त्याने हरिगोल पाण्याबाहेर काढून पालथी घातली आहे. "उलट्या पाण्याला ही चालत नाही."

"मग परत जायचं कसं?"

"घेऊन. दुसऱ्या बाजूने तुम्ही धरा. डोक्यावर घ्या, हातावर नको, हात भरून येतात. कातडं ओलं आहे, सन्नतीपर्यंत जड लागेल. पुढे वाळतं."

"आणि गाणगापूर किती लांब?"

"कुठल्या सालचं?" तो विचारतो, आणि त्याची बाजू उचलतो.